मळ्यावरच्या मुलाची नोंद कोण ठेवणार?

नाशिक जिल्ह्यात शाळेचं दुसरं सत्र आणि द्राक्षाचा खरा कामाचा हंगाम बरोबरीनेच चालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, होते आणि दिवाळीच्या आगेमागे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरू लागतात. मग फेलफूट (वांझ फुटवे) काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मण्यांची विरळणी, पुढे काढणी आणि पॅकिंग. मध्येच डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड येते. मार्च-एप्रिलपर्यंत हाताला काम पुरतं. घरातली दोन्ही कमावती माणसं खाली उतरतात तेव्हा सहा-आठ वर्षांच्या मुलाला मागे कुणाजवळ ठेवायचं, हा प्रश्न असतो. आजी-आजोबा धडधाकट असतील तर ते पाड्यावर राहतं, नाहीतर आईबरोबर मळ्यावर येतं. परत जातं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, नाहीतर होऊन गेलेली असते.

त्याचं नाव पटावर राहतं. वर्गही पुढे सरकतो. पण अशी चार-पाच वर्षं गेली की पाचवी-सहावीतल्या त्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. मग शाळेत बसणं त्यालाच नको वाटतं आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो टोळीतला आणखी एक माणूस होतो.

उद्योगांनी आपल्या भागातल्या शिक्षणाला हातभार लावावा, याबद्दल नाशिकमध्ये कुणाचं दुमत नाही. सभा-समारंभांत ते नेहमी बोललं जातं आणि बोलणाऱ्यांपैकी पुष्कळजण मनापासून बोलतात. माझा मुद्दा क्रमाचा आहे. ज्या मुलांची शाळा आपल्या धंद्याच्या वेळापत्रकामुळे मोडते, त्यांच्यापासून या मदतीची सुरुवात व्हायला हवी. दूरच्या एखाद्या शाळेला संगणक देण्याआधी आपल्या फाटकाच्या आत, आपल्या साइटवर, आपल्या बागेच्या बांधावर असलेलं मूल आज कुठल्या शाळेत आहे, हे विचारायला हवं. शिक्षणाला मदत करणाऱ्या किती कंपन्यांनी आणि किती बागायतदारांनी हा प्रश्न विचारला आहे?

द्राक्षाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण नोंदी कशा ठेवाव्यात हे या धंद्याला महाराष्ट्रात कुणी शिकवायला नको. युरोपला माल पाठवायचा तर बागेचा प्लॉट नोंदवावा लागतो. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट यंत्रणेत त्या प्लॉटची माहिती असते, औषधांच्या अंशांची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि परदेशातल्या दुकानात पोचलेल्या पेटीवरून ती कुठल्या बागेतून निघाली इथपर्यंत माग काढता येतो. कोणत्या तारखेला कोणतं औषध किती फवारलं, हे आपला शेतकरी वहीत लिहून ठेवतो. ही शिस्त त्याने कष्टाने आणि ठेचा खाऊन अंगी बाणवली आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण त्याच प्लॉटच्या कडेला पाचटाच्या झोपडीत राहणाऱ्या मुलाची नोंद कुठल्याच वहीत नसते. गावच्या शाळेच्या लेखी ते गैरहजर असतं आणि मळ्याशेजारच्या शाळेच्या लेखी ते नसतंच.

ही अपेक्षा मी माझ्या मनाने लादतोय असंही नाही. निर्यातीसाठी ग्लोबलगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांना ‘ग्रास्प’ ही सामाजिक तपासणी माहीत आहे. मळ्यावर राहणाऱ्या मजुरांच्या शाळावयीन मुलांना शाळेत जाण्याची सोय आहे का, असा सरळ प्रश्न त्या तपासणीत आहे. म्हणजे हॉलंड-जर्मनीतला खरेदीदार जे विचारतो, ते आपण आपल्या जिल्ह्यात एकमेकांना विचारत नाही. तपासणीच्या दिवशी कागदावर ‘मुलं नाहीत’ असं लिहून वेळ निभावून नेता येते. मूल मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं.

यावर बागायतदाराचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. अवकाळी पावसाने घड कुजतात, भाव पडतात, व्यापारी पैसे बुडवून पळतो, बँकेचे हप्ते थांबत नाहीत. दोन एकरांच्या बागवाल्याने शाळेची गाडी आणि पाळणाघर चालवावं, असं मी म्हणणारही नाही. हा भार साखळीत वरच्या बाजूला बसलेल्यांनी उचलायचा आहे: निर्यातदार, पॅकहाऊसवाले, वायनऱ्या, औषधं आणि खतं विकणाऱ्या कंपन्या. एका पॅकहाऊसला अनेक बागांचा माल येतो, त्यामुळे एका गावातल्या पाच-पन्नास बागांची सोय एकत्र लावणं त्यांना शक्य आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची एवढी मोठी कंपनी ज्या जिल्ह्यात उभी राहू शकली, तिथे ‘एकत्र येणं जमत नाही’ ही सबब चालणार नाही.

करायचं काय? टोळी ठरते ती दिवाळीच्या आधी. मुकादमाशी बोलणी होतात, पुष्कळदा उचल दिली जाते, किती जोड्या येणार हे ठरतं. त्याच बैठकीत मुलांची यादी मागायची: नाव, इयत्ता, गावच्या शाळेचं नाव. एवढं झालं की पुढची वाट सरकारी चौकटीतच आहे. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. गावच्या मुख्याध्यापकांनी ते द्यायचं आणि जिथे कुटुंब जाईल तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. कार्ड आहे, कायदा आहे. पेठ तालुक्यातल्या गुरुजींना आपलं मूल नेमकं कुठल्या मळ्यावर गेलं हे कळत नाही आणि निफाडच्या बाईंना आपल्या शिवारात मूल आलंय हे कळत नाही, इथे सगळं अडतं. ही दोन्ही टोकं माहीत असलेला माणूस एकच, काम देणारा. त्याने दोन फोन केले तर मुलाचं वर्ष वाचू शकतं. यातला पहिला रुपयासुद्धा अजून खर्च झालेला नाही, हे लक्षात घ्या.

मूल शाळेत बसलं म्हणजे संपलं असंही नाही. पाड्यावरचं मूल घरी कोकणा बोली बोलतं. निफाडच्या वर्गातली मराठी त्याच्या कानाला नवी, वर्गातली मुलं अनोळखी, अंगावरचे कपडे वेगळे. पहिले पंधरा दिवस ते गप्प बसून राहतं आणि सोळाव्या दिवशी येत नाही. तिथे त्याची बोली जाणणारी एखादी ताई चार महिने मानधनावर ठेवणं, ही कंपनीने खर्च करण्याजोगी गोष्ट आहे. डी.एड. झालेल्या, नोकरीची वाट बघणाऱ्या मुली पेठ-सुरगाण्यात घरोघर आहेत.

आणखी एक गोष्ट मळ्यावर चार दिवस गेलं की कुणालाही दिसेल. आई वेलीखाली विरळणी करत असते. मांडवाच्या लोखंडी अँगलला लुगड्याची झोळी बांधलेली असते, झोळीत तान्हं मूल आणि झोळीच्या दोरीला धरून बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी. ही मुलगी बागेत कसलंही काम करत नाही, म्हणून बालमजुरीच्या कुठल्याच तपासणीत ती सापडत नाही. तिची शाळा बुडते ती धाकट्या भावापायी. तिला शाळेत पाठवायचं असेल तर दप्तर देऊन उपयोग नाही, वह्या देऊन नाही. त्या तान्ह्या पोराला दिवसभर सांभाळणारं कुणीतरी हवं. चार-पाच बागांमागे एक पाळणाघर, टोळीतल्याच एका बाईला पूर्ण रोज देऊन सांभाळायला बसवणं, सावलीची एक खोली, पिण्याचं पाणी, औषध फवारणीच्या जागेपासून लांब. उद्योगाने शिक्षणासाठी काय करावं, असं मला एका वाक्यात कुणी विचारलं तर मी हे पाळणाघर सांगेन.

ज्यांना मूल गावातच राहिलेलं बरं वाटतं, त्यांचंही बरोबर आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहं चालतात. आईवडील कामावर असले तरी मूल आपल्याच गावात, आपल्याच शाळेत राहतं, रात्रीचं जेवण आणि निजायची सोय होते. द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्याला मजूर पुरवणाऱ्या पाड्यांवर अशी सोय कंपन्यांच्या पैशातून वाढवता येईल. आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ची. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराने नाशिकला राहून शिकावं म्हणून उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्या कामाला बळ दिलं. पुढे दादासाहेब बिडकरांनी १९३७मध्ये डांग सेवा मंडळ काढून आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं. मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय लागते, हे त्या पिढीला नेमकं समजलं होतं. त्या बोर्डिंगांतून आणि शाळांतून शिकलेल्यांची नातवंडं आज या जिल्ह्यात बागायतदार, कारखानदार आणि निर्यातदार आहेत. त्यांच्याकडे मागणं मागताना मला संकोच वाटत नाही.

आता वस्तूंबद्दल. जून उजाडला की वह्या, दप्तरं, रेनकोट वाटल्याचे फोटो छापून येतात. गरजू मुलाला दप्तर मिळालं तर मला आनंदच आहे. पण शहराजवळच्या, रस्त्यालगतच्या, गाडी जाऊ शकेल अशा शाळेला तीन-तीन संस्थांची दप्तरं मिळतात आणि आतल्या पाड्यावरच्या शाळेपर्यंत कुणी पोचत नाही, हे कुणाही केंद्रप्रमुखाला विचारा. संगणक कक्षांचं तर याहून वाईट. फीत कापली जाते, फलक लागतो. वर्षभराने वीजबिल थकलं की मीटर कापलं जातं किंवा बॅटऱ्या उतरतात आणि कक्षाला कुलूप लागतं. दुरुस्तीचा खर्च देणाऱ्याच्या हिशेबात नसतो आणि शाळेच्या अनुदानात बसत नाही. यंत्र घेताना देखभालीचा करार केल्याशिवाय आपले कारखानदार सही करत नाहीत. शाळेला यंत्र देताना तो करार कुठे जातो?

यात कंपन्यांचा जेवढा दोष आहे तेवढाच हिशेबाच्या पद्धतीचा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. सरासरी ५ कोटी नफा असेल तर ही रक्कम वर्षाला १० लाख होते. आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. पण कर्मचाऱ्यांनी शाळेला दिलेला वेळ पैशात मोजून या खर्चात दाखवता येत नाही. फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचं कामही त्यात बसत नाही. दप्तराचं बिल मात्र बसतं. साहजिकच मार्चअखेर जवळ आली की सीएसआर बघणारा माणूस बिल मिळेल अशा वस्तू शोधत फिरतो. खरं तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प हाती घेण्याची मुभा कायद्यातच आहे. बोली जाणणारी ताई, पाळणाघर, हंगामी वसतिगृह हे सगळं अशा प्रकल्पात बसवता येतं. मार्चची घाई ही सवय आहे, सक्ती नाही.

शिवाय सीएसआर, सीएसआर करताना आपण एक विसरतो. सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमधली बहुसंख्य युनिट्स या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. पंधरा-वीस माणसांचा मशीन शॉप, पावडर कोटिंगवाला, प्रेस शॉप, फॅब्रिकेशनवाला. मोठ्या कंपन्यांचे हे व्हेंडर, आणि कामगार सर्वाधिक इथेच. यांनी शिक्षणासाठी करण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं बरंचसं जवळजवळ फुकट आहे.

माझी सगळी नोकरी सातपूरला पर्सोनेल खात्यात गेली, म्हणून हे थोडं जवळून सांगू शकतो. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेत गुरुजी पुरेसे आहेत का, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, आहार कसा आहे, हे विचारण्याचा हक्क या समितीला आहे. पण श्रमिकनगरमध्ये किंवा चुंचाळ्यात राहणारा कंत्राटी कामगार या बैठकीला जाणार कधी? बैठक दुपारी, त्याची फर्स्ट शिफ्ट. रजा टाकली तर रोज बुडतो, सारखी टाकली तर ठेकेदार दुसरा माणूस आणतो. मग समितीवर नावं लागतात आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. महिन्यातून एकदा दोन तासांची पगारी सवलत, कायम आणि कंत्राटी दोघांनाही, शाळेच्या बैठकीसाठी किंवा मुलाच्या दाखल्यासाठी द्यावी. गेटपासचं एक पुस्तक वेगळं ठेवायचं, एवढंच काम. उत्पादनात त्याने किती फरक पडतो हे प्रॉडक्शनवाल्यांनी खुशाल मोजावं. दहा मिनिटं लाइट गेली तरी त्याहून जास्त नुकसान होतं.

उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांच्या मुलांचाही असाच प्रश्न आहे. मागच्या शाळेचा दाखला नाही, आधार कार्डावरचा पत्ता तिकडचा, आईला मराठी वाचता येत नाही. दाखला नसला तरी वयानुरूप प्रवेश द्यायचा, हे कायद्यात आहे, पण आईवडिलांना ते माहीत नसतं आणि ते जूनची वाट बघत वर्ष घालवतात. कामगार नोकरीला लागताना पीएफ, ईएसआयचे फॉर्म भरतोच. त्याच टेबलावर मुलांची नावं लिहून घेतली आणि जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवली, तर जून यायची वाट बघावी लागणार नाही.

बांधकामावर हे सगळं आणखी कठीण आहे. २०२७च्या सिंहस्थाची कामं आणि शहराच्या चारी बाजूंना उठणाऱ्या इमारती यांमुळे नाशिकमध्ये मजूर कुटुंबं येत राहणार. बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा २०२५मध्ये नव्या कामगार संहितांत सामावला गेला; पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असं तो सांगत होता. बांधकामांवर घेतलेल्या उपकरातून चालणाऱ्या राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून नोंदणीकृत कामगाराच्या मुलांना शैक्षणिक साहाय्य मिळतं: पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये, पुढे त्याहून जास्त. लहान वर्गांसाठी ७५ टक्के हजेरीची अट आहे, म्हणजे शाळा बुडू नये यासाठीच हा पैसा आहे. नोंदणीला काय लागतं? मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो बिल्डरने किंवा ठेकेदाराने द्यायचा असतो. आणि तो मिळता मिळत नाही. सही केली तर उद्या हा माणूस हक्क सांगेल, या भीतीने सही टाळली जाते आणि मजूर दलालाला पैसे मोजून खोटा दाखला घेतो. ज्या बिल्डरने खरा दाखला वेळेवर दिला, त्याने शिक्षणाला देणगी दिली असं मी मानतो. शाळेत जाऊन वह्या नाही वाटल्या तरी चालेल.

आता थोडं मोठ्या मुलांकडे. त्र्यंबक रोडवरच्या सरकारी आयटीआयमधून दरवर्षी फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर बाहेर पडतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१पासून आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. कागदावर हे बहुतेक जण पाळतात. प्रश्न आहे तो वर्षभरात त्या पोराला शिकवलं काय, याचा. बारा महिने एकाच प्रेसवर उभा राहून पॅडल दाबणारा मुलगा शिकाऊ नाही, तो स्वस्तातला हेल्पर आहे. त्याला तीन महिन्यांनी मशीन बदलून मिळायला हवं, ड्रॉइंग वाचता यायला हवं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात पडायला हवा. आणि त्याच्याजवळ उभं राहून दाखवणारा एक जुना कारागीर हवा, ज्याच्या रोजच्या टार्गेटमधून तेवढा वेळ वजा केलेला आहे. ही शेवटची गोष्ट पाळली नाही तर बाकीच्या सगळ्या शोभेच्या ठरतात. मुलींना आयटीआयमध्ये पाठवा म्हणून आपण सांगतो, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबडहून घरी जायला बस नसेल तर तिचे वडील तिला पाठवणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

‘आम्ही कर भरतो, शिक्षण हे सरकारचं काम आहे,’ असं एक म्हणणं आहे. बरोबरच आहे. प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर आपण वेगळा भरतो. शिक्षक नेमणं, वर्ग बांधणं, आहार देणं ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि कुठल्याही उद्योगाने ती अंगावर घेऊ नये. राज्य सरकारने २०२३मध्ये आणलेल्या दत्तक शाळा योजनेबद्दल माझ्या मनात धाकधूक आहे ती याचसाठी. देणगीदाराने शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, वस्तू आणि सेवा पुरवायच्या आणि हवं असल्यास शाळेला नावही द्यायचं. मुदत लांब आहे, हे मला आवडतं. पण शाळा गावाची असते. तिच्या कमानीवर कंपनीचं नाव चढलं की गावकऱ्याचा हक्काचा आवाज खाली जातो, आणि कंपनीचा नफा घसरला किंवा मुंबईतल्या मुख्य कार्यालयाचं मन बदललं की शाळा ना सरकारची उरते ना कंपनीची.

पण मी वर जे मागितलं, त्यातलं किती सरकारचं काम आहे? मजुराच्या मुलाची यादी मुकादमाकडून सरकार घेऊ शकत नाही. ९० दिवसांच्या दाखल्यावर सरकार बिल्डरच्या वतीने सही करू शकत नाही. दोन तासांची सवलत, शिकाऊ पोराजवळ उभा राहणारा कारागीर, शिफ्टची बस, ही सगळी मालकाच्या हातातली कामं आहेत. ती त्याने केली नाहीत तर दुसरं कुणीच करणार नाही.

सरकारकडून काम करून घेण्यात आपल्या उद्योजकांचा हातखंडा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होणारी जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक, जिला सगळे ‘झूम’ म्हणतात, ती याचीच जागा. रस्त्यांवरचे खड्डे, पथदिवे, घंटागाडी, वीजपुरवठा, सांडपाणी, अतिक्रमणं यांवर निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांचे पदाधिकारी तिथे पोटतिडकीने बोलतात आणि पाठपुरावा करून कामं मार्गी लावतात. त्या विषयपत्रिकेवर औद्योगिक वसाहतींभोवतीच्या शाळा का नसाव्यात? चुंचाळ्याच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, याचा कारखान्याशी संबंध नाही असं कुणी म्हणू नये. दहा वर्षांनी लाइनवर उभा राहणारा माणूस आज त्या वर्गात बसला आहे.

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. निमा, आयमा आणि द्राक्ष बागायतदार संघाने मिळून जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र द्यावं. जिल्हा परिषदेचे आणि महापालिकेचे शिक्षणाधिकारी, आदिवासी विकास आयुक्तालयाचा प्रतिनिधी आणि कामगार उपायुक्त यांना झूमच्या बैठकीला बोलवावं, अशी मागणी त्यात असावी. आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, बोलावणं पाठवायला लांब जावं लागणार नाही. पत्रासोबत संघटनांनी आपल्या सभासदांकडून आलेली मुलांची यादी जोडावी. पहिल्या वर्षी ती अर्धवट असेल, त्यात चुकाही असतील. तरी जोडावी, आणि पुढच्या बैठकीत यादीतलं कोणतं मूल कुठल्या शाळेत बसलं, हे नावानिशी विचारावं.